नग आणि वजन

6 जानेवारी 2025, रायपूर
धान खरेदी 31 जानेवारीला संपणार, त्यामुळे गाड्यांची नुसती रीघ. संध्याकाळी वर्करचा पॉड पुन्हा पडला. एक्झिट कोड 137, म्हणजे मेमरीची हद्द ओलांडली. लगेच धमतरी रस्त्यावरच्या एका मिलच्या काट्यावरून ड्रायव्हरचा फोन: "परची नइ निकलत हे, साहेब." आमच्याकडे गाडीची प्रत्येक फेरी हा एक वर्कफ्लो: सोसायटीतून उचल, काटा, मिलमध्ये उतराई, पावती. खाली या वर्कफ्लोंचा हिशेब ठेवणारा टेम्पोरल सर्व्हर. वरिष्ठ म्हणाले, रॅम वाढवा.

8 जानेवारी
आधी सर्व्हर तपासला. आमच्या आवृत्तीत हिस्टरी कॅश शार्डवार आहे, मूळ मर्यादा शार्डमागे 512 नोंदी. शार्ड 512, सर्व्हरचे पॉड 4. म्हणजे पॉडमागे 128 शार्ड आणि जास्तीत जास्त 65,536 नोंदी. एक पॉड पडला तर त्याचे शार्ड उरलेल्या तिघांत वाटले जातात आणि प्रत्येकाची कमाल 87 हजारांवर जाते. मेमरी ठरवताना हाच आकडा धरायचा, नाहीतर पहिल्याच्या ओझ्याने दुसरा पडतो, मग तिसरा. शार्डांची संख्या क्लस्टर उभारताना एकदाच ठरते. नंतर कमीजास्त करता येते ती कॅश. इथे जागा पुरेशी निघाली, म्हणून आकड्याला हात लावला नाही.

10 जानेवारी
दुखणं वर्करच्या कॅशमध्ये सापडलं. चालू वर्कफ्लो ती मेमरीत धरून ठेवते, म्हणजे पुढचा टप्पा आला की पहिल्यापासून उजळणी करावी लागत नाही. गो भाषेच्या एसडीकेत मूळ मर्यादा 10,000, जावाच्या 600. दोन्हीकडे मोजतात ते नग. नगाचं वजन कुणी बघत नाही. हीप प्रोफाइल काढला तर प्रत्येक फेरीच्या पोटात काटापर्चीचा फोटो, साधारण 250 केबीचा. गेल्या हंगामात ग्राहकांच्या मागणीवरून तो आत आला. सर्व्हर एका पेलोडला 2 एमबीपर्यंत मुभा देतो, त्यामुळे कुठे तक्रार उमटली नाही. 10,000 गुणिले 250 केबी म्हणजे अडीच जीबी. पॉडला दिलेत दोन. गोदामात पोती मोजून घ्यावीत आणि आत धान आहे की लोखंड ते बघू नये, तसा हा हिशेब.

13 जानेवारी
आज छेरछेरा. मुलं दारोदार धान मागत फिरताहेत, मिलवर हमाल कमी, गाड्याही कमी. बदल करायला बरा दिवस. फोटो ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये, वर्कफ्लोत फक्त त्याचा पत्ता. चालू फेऱ्या जुन्याच वाटेने संपतील, नव्या फेऱ्यांना नवा कोड. कॅश 10,000 वरून 2,000 वर आणली. सहकाऱ्याने हरकत घेतली: बाहेर पडलेल्या फेरीचा सगळा इतिहास पुन्हा चालवावा लागेल. खरं आहे. पण आमच्या फेरीचा इतिहास तीस-चाळीस घटनांचा, त्याला वेळ लागत नाही. हजारो घटनांचा असता तर मीही आकडा खाली आणला नसता.

16 जानेवारी
मेमरीचा आलेख सपाट. कॅशमध्ये न सापडणाऱ्या फेऱ्या वाढल्या, पण पर्ची निघायला पूर्वीइतकाच वेळ. यादी उघडून पाहिली. बहुतेक फेऱ्या मिलबाहेर रात्रभर रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांच्या. गाडी दोन-दोन दिवस हलत नाही तेव्हा तिच्या वर्कफ्लोने मेमरी अडवून बसायचं कारणच नाही. त्याची नोंद डेटाबेसात पक्की असते, काटा आला की तो तिथूनच उठतो. एका तासात हलणाऱ्या फेऱ्या हजार-दीड हजार. 2,000 हा आकडा त्यावरून धरलाय. उघड्या फेऱ्या किती आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही.

20 जानेवारी
वरिष्ठांना टिपण दिलं: रॅम नको. सर्व्हरच्या नव्या आवृत्त्यांत हिस्टरी कॅशला बाइट्समध्ये मर्यादा घालता येते. ते अपग्रेड खरेदी संपल्यावर, त्याआधी मुळीच नाही. वर्करच्या कॅशमध्ये मात्र नगच मोजले जाणार, म्हणून सरासरी फेरी 20 केबीच्या वर गेली की इशारा येईल अशी सोय केली. टिपण वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, पुढच्या हंगामात ग्राहकांना काट्याचा व्हिडिओ हवाय, जमेल ना?