गुरुजींच्या कॅसेटी

आमच्या शाळेतल्या गुरुजींच्या टेपला सहा मोठे सेल लागायचे. कोणी वडशाला रेल्वेच्या निमित्तानं निघालं की गुरुजी त्याच्या हातात पैसे ठेवून म्हणत, "येताना सेल आणजो गा." उतरलेले सेल ते शाळेच्या पत्र्यावर उन्हात ठेवायचे. दुपारपर्यंत त्यांच्यात थोडा जीव यायचा, तेवढ्यात एखादा धडा ऐकून व्हायचा. गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात वीज होती, पण पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की किती दिवसांनी येईल याचा नेम नसे. सती नदी भरून वाहू लागली की वायरमनही लवकर पोचत नसे. म्हणून गुरुजींचा भरवसा सेलवर.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शाळांसाठी शैक्षणिक तंत्रज्ञानाची योजना आली. प्राथमिक शाळांना रेडिओ आणि कॅसेट प्लेअर, वरच्या वर्गांच्या शाळांना रंगीत टीव्ही. अनेक ठिकाणी ही यंत्रं कपाटात गेली, कारण बिघडली तर जबाबदारी कोणाची, ही भीती मोठी होती. गुरुजींनी आमच्या शाळेला मिळालेल्या टीव्हीचं खोकं पहिल्याच आठवड्यात फोडलं. पुढे रेकॉर्डिंग होणारा एक टेप त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतला. खरा खेळ तिथून सुरू झाला.

टीव्हीवर पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम लागायचे. राज्य सरकारची ही संस्था १९८४ साली सुरू झाली. मुलांसाठी, शिक्षकांसाठी कार्यक्रम तयार करायचे आणि दूरदर्शनवरून शाळांपर्यंत पोचवायचे, हे तिचं काम. अंकुर कसा फुटतो, किल्ला कसा बांधतात, समुद्राला भरती कशी येते, हे आम्ही पहिल्यांदा तिथे पाहिलं. भरतीच्या कार्यक्रमात निवेदकानं समुद्राचं पाणी खारट असतं असं सांगितलं, तेव्हा माझ्या शेजारचा पोरगा उभा राहून म्हणाला, "एवढा पानी अन् खारा! मंग तेथली ढोरं काय पेतेत?" गुरुजींनी टीव्ही बंद केला. तो सगळा तास त्या प्रश्नावर गेला. विहिरी कुठे असतात, किनाऱ्याजवळ गोडं पाणी कसं मिळतं, मीठ कसं पिकवतात. कार्यक्रमाचा शेवट आम्ही कधी पाहिलाच नाही.

गुरुजींची पद्धत अशी होती. चित्र चालू असताना कधी ते आवाज पूर्ण बारीक करायचे आणि आम्हाला म्हणायचे, "आता तुम्ही सांगा." कोणी झाडीबोलीत सांगे, कोणी गोंडीत. कोरचीकडून आलेली दोन भावंडं छत्तीसगढीत सांगत. पुस्तकातली मराठी वाचताना ज्यांची जीभ अडखळायची, ती मुलं पडद्यावरच्या बैलाबद्दल, पाखराबद्दल घडाघडा बोलायची. मग गुरुजी त्यातलीच वाक्यं पुस्तकी मराठीत फळ्यावर लिहायचे आणि खाली आमचीही लिहायचे, तशीच्या तशी. आमचं बोलणं त्यांनी कधी चूक ठरवलं नाही. हे मला शिक्षक झाल्यावर जास्त जाणवलं.

पण त्यांचं मोठं काम कॅसेटींवर होतं. मोहफुलाचे दिवस आले की वर्ग रिकामा व्हायचा. मोह पहाटेच्या आधी गळतो, त्यामुळे पोरं आईबापांबरोबर अंधारातच रानात जायची. गुरुजी हजेरीवरून कोणाला रागावले नाहीत. एकदा ते टेप घेऊन स्वतः रानात गेले. त्या कॅसेटीत पालापाचोळ्यावर मोह पडल्याचा आवाज होता, टोपल्यांची खुसखुस होती, बायांचं एकमेकींना हाका मारणं होतं. ती कॅसेट विज्ञानाच्या तासाला वाजली. फूल रात्रीच का गळतं, रात्री त्यावर कोण येतं, वटवाघळांचा आणि मोहाच्या फळाचा काय संबंध, असे प्रश्न निघाले. इतक्या वेळा पाहिलेल्या झाडाकडे आम्ही त्या दिवशी नव्यानं पाहिलं.

गणितासाठी खळ्यावरची कॅसेट होती. धान मोजणारा म्हातारा पहिल्या पायलीला एक न म्हणता 'लाभ' म्हणतो आणि मग दोन, तीन करत पुढे जातो. गुरुजी मधेच बटण दाबून विचारायचे, "आता किती झाले? कुडव किती?" इतिहासासाठी एका आजीचा आवाज होता. वडशाला माणसं कशी चालत जात, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्यातून आपला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिला काय वाटलं, ते तिनं सांगितलं होतं. भूगोलासाठी सती नदीच्या पुराचा आवाज होता. गोंडी रेलाची गाणी होती. पावशा पक्ष्याची हाक होती.

प्रश्न विचारून झाला की कॅसेटीत थोडी जागा कोरी असायची. ती आमच्या उत्तरासाठी. गुरुजी मोजून तेवढी जागा सोडत. कॅसेट भरली की तिच्या पाठीवरच्या दोन्ही चकत्या स्क्रू-ड्रायव्हरनं मोडायचे, म्हणजे तिच्यावर पुन्हा कोणी काही भरू नये.

तरी भरलं गेलं. मोडलेल्या चकतीच्या जागी चिकटपट्टी लावली की टेप पुन्हा रेकॉर्डिंग करतो, हे गावातल्या पोरांना माहीत होतं. गुरुजी निवृत्त झाल्यावर शाळेत राहिलेल्या बऱ्याच कॅसेटींवर झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी चढली. त्या पोरांना दोष देण्यात अर्थ नाही, कोऱ्या कॅसेटीला पैसे पडत आणि मंडईच्या जत्रेत रात्री पाहिलेलं नाटक पुन्हा ऐकावंसं वाटतंच. पण आजीचा आवाज त्या गाण्यांखाली कायमचा गेला. आजीही गेली. तिच्या नातवंडांकडे तिचा एक फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा.

गुरुजींच्या घरी ज्या कॅसेटी होत्या त्या त्यांच्यानंतर मी पाहिल्या. पत्र्याच्या पेटीत नीट लावलेल्या, प्रत्येकीवर विषय, इयत्ता आणि महिना. आमच्याकडच्या पावसानं फितीवर पांढरी बुरशी धरली होती. कॅसेटीतला आवाज म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडच्या भुकटीचा पातळ थर. ओल लागली, थर सुटला, की तो कुठल्याही यंत्राला परत आणता येत नाही. नागपूरच्या एका कारागिरानं दोनच वाचवल्या, त्याही अर्ध्या. एकीत गुरुजी विचारतात, "पाऊस थांबला, तरी नाला का वाहतो?" पुढे त्यांनी सोडलेली कोरी जागा आहे. ती कॅसेट मी माझ्या वर्गात लावली. त्या जागेत माझ्या पोरांनी उत्तर दिलं, अगदी आम्ही द्यायचो तसं ओरडून, आणि मला काही वेळ वर्गाकडे पाठ करून उभं राहावं लागलं.

बालचित्रवाणीचंही फार वेगळं झालं नाही. केंद्राचा निधी थांबला, माणसांचे पगार रखडले, आणि २०१७ साली संस्था बंद झाली. तीन दशकं मराठी मुलांसाठी काम करणारी जागा मिटली, आणि तिच्यासाठी रस्त्यावर यावं एवढं ते आमच्यापैकी कोणाला मोठं वाटलं नाही. मला ते मरण आजही सलतं.

त्यानंतर साधनं कमी झाली नाहीत, उलट वाढली. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागायची, ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांना तिचा मोठा आधार झाला. बाकीच्यांसाठी रेंज शोधत टेकडीवर चढलेले शिक्षक मी पाहिले आहेत. आज माझ्या शाळेत मोठा पडदा आहे. त्यावर जगातला कुठलाही ज्वालामुखी दिसतो. कुरखेड्याच्या खळ्यावरची 'लाभ, दोन, तीन' ही मोजणी मात्र मला त्यावर कुठे सापडली नाही. गुरुजी ज्यासाठी पगारातले पैसे घालत, ते काम आता खिशातल्या फोनवर फुकट होतं, आणि आम्ही शिक्षक ते करत नाही. पडदा लावून देणं म्हणजे शिकवणं, असं आम्ही धरून चाललो आहोत. हे चूक आहे.

म्हणून माझ्या शिक्षक मित्रांना सांगायचं आहे. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा आवाज या वर्षीच भरून घ्या, वर्गात लावा, मधे थांबवा, मुलांना बोलू द्या, आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. बालचित्रवाणीचे जे कार्यक्रम शिल्लक असतील ते शाळांना खुले व्हावेत, यासाठी आपण मिळून मागणी करू. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या कॅसेटी पडल्या असतील, त्यांनी त्या टाकू नयेत. टेप दुरुस्त करणारी माणसं अजून थोडी आहेत, येत्या पावसाळ्याआधी त्यांच्याकडे जा.