हिमगौरी: पांढरी की गोरी?



'हिमगौरी आणि सात बुटके' ही गोष्ट तुम्हाला सांगायची गरज नाही. मी वसई तालुक्यात चौथीला शिकवते. या वर्षी स्नेहसंमेलनासाठी वर्गाने हीच गोष्ट निवडली, म्हणून आधी सगळ्यांना डिस्नेचा मूळ सिनेमा दाखवायचं ठरवलं. तो पहिल्यांदा २१ डिसेंबर १९३७ ला लॉस एंजेलिसमध्ये दाखवला गेला. डिस्नेचा तो पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. लांबी ८३ मिनिटं. आमचा तास ३५ मिनिटांचा, त्यामुळे तीन दिवस लागले. सिनेमा इंग्रजी, म्हणून मी मधेमधे थांबवून मराठीत सांगत होते. पण खरं सांगू का, गाणी लागली की मुलं मला गप्प बसवायची. गाण्याला भाषांतर लागतच नाही. प्राण्यांना मदतीला घेऊन हिमगौरी घर झाडते, बुटके खाणीतून रांगेने घरी निघतात, सगळं गाण्यातून पुढे सरकतं. शब्द न कळता मुलांना गोष्ट कळत होती.

गणिताचाही एक तास यातून निघाला. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी पुढे सरकतात. मग ८३ मिनिटांत किती? ८३ गुणिले ६० म्हणजे ४,९८० सेकंद, आणि त्याला २४ ने गुणलं की १,१९,५२०. एकेक चित्र कधी दोन चौकटी टिकवतात, त्यामुळे चित्रं तेवढीच असतील असं नाही, पण आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्ग शांत झाला. "बाई, हे सगळं हाताने?" हो, हाताने. काचेसारख्या पारदर्शक पट्टीवर रेषा उमटवायची आणि मागून रंग भरायचा. हे काम करणाऱ्या विभागात बहुतेक बायका होत्या. हे ऐकून मुलींच्या माना जरा ताठ झाल्या.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या दिवशी पात्रं ठरवायला बसलो. हिमगौरी कोण होणार म्हटल्यावर सात-आठ मुलींनी हात वर केले. वर्गात सगळ्यांत सुरेल गाणारी मुलगी मात्र हात खाली ठेवून बसली होती. मी तिचं नाव घेतलं, तर शेजारची पटकन म्हणाली, "बाई, ती काळी आहे. हिमगौरी गोरी असते." तिने हे अजिबात दुष्टपणे म्हटलं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावं, तसं म्हणाली.

अशा वेळी "रंगाने काही होत नाही, मन सुंदर असावं" हे आपलं ठरलेलं वाक्य असतं. मी ते वापरत नाही. त्यात रंग कमी आहे हे आपण मान्यच करून टाकतो आणि वर मनाची भरपाई देतो. त्यापेक्षा मी भाषेचा तास घेतला.

फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'पांढरा' आणि 'गोरा'. विचारलं, दूध कसं? पांढरं. खडू? पांढरा. मीठ? पांढरं. दुधाला कोणी गोरं म्हणतं का? वर्ग हसला. मग गोरं कोणाला म्हणतो? माणसालाच. हिमगौरीचं जर्मन नाव श्नीविट्शन, म्हणजे बर्फासारखी पांढरी. इंग्रजीत ते स्नो व्हाइट झालं. तिथवर रंग बर्फाचा होता. मराठीत 'गौरी' आलं आणि बर्फाचा रंग माणसाच्या कातडीला चिकटला, लग्नाच्या जाहिरातीत असतो तसा. नाव गोड आहे, ज्याने ठेवलं त्याला माझा नमस्कारच. पण गौरी म्हटल्यावर आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे आणखी एक गौर येते, भाद्रपदातली. कितीतरी घरांत ती तेरड्याच्या रोपांची असते. ती कुठे गोरी असते? हे मी नाही, एका मुलाने सांगितलं.

इंग्रजीतल्या 'फेअर' शब्दाचीही अशीच गंमत आहे. त्याचा एक अर्थ सुंदर, दुसरा उजळ. जर्मन गोष्टीतला आरसा सांगतो तो फक्त सुंदर कोण ते. इंग्रजी आरशात दोन्ही अर्थ मिसळले आणि आपल्याकडे क्रीमच्या ट्यूबवर तर ते एकच होऊन बसले. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'ची 'ग्लो अँड लव्हली' झाली, हे मुलांना घरातल्या कपाटामुळे माहीत होतं!

ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये ही गोष्ट छापली, तिची सुरुवात आपण सांगताना बहुतेक गाळतो. राणी खिडकीशी शिवत बसलेली आहे. बाहेर बर्फ पडतोय. सुई बोटात जाते, रक्ताचे तीन थेंब बर्फावर पडतात. खिडकीची चौकट काळ्या एबनीची, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातल्या झाडाच्या लाकडाची. तिला वाटतं, आपलं बाळ बर्फासारखं पांढरं, रक्तासारखं लाल आणि त्या लाकडासारखं काळं असावं. बघा, तिने तीन रंग मागितले होते. काळाही हौसेने मागितला होता. सिनेमातला आरसासुद्धा तिन्ही रंग सांगतो. नावात मात्र एकच उरला. डिस्नेनेच २०२५ मध्ये माणसांना घेऊन हा सिनेमा पुन्हा काढला, त्यात मुलीचं नाव कातडीवरून नाही, ती हिमवादळात जन्मली म्हणून ठेवलेलं आहे.

मग मुलांना लिहायला दिलं: तुमची आई खिडकीशी बसली आहे, तिला कोणते तीन रंग दिसतात? त्यावरून बाळाचं नाव ठेवा. आमच्याकडे बर्फ कुठला! एकीने नायगावच्या खाडीकडचं मिठागर लिहिलं आणि नाव ठेवलं मिठगौरी. वाडीत राहणाऱ्या मुलाने सोनचाफा, केळीचं पान आणि विहिरीतलं पाणी लिहिलं. नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या एकाने लोकलची जांभळी पट्टी, समोरच्या बिल्डिंगची निळी ताडपत्री आणि कावळा. अर्नाळ्याच्या मुलीने वाळत घातलेले बोंबील. आणि आमच्या गाणाऱ्या मुलीने लिहिलं, "जांभूळ, पावसातला रस्ता, आजीची तपकीर." नाव लिहिलं नव्हतं. मी विचारलंही नाही.

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. "बाई, तिला ससा करा नाहीतर बुटका करा. हिमगौरी नको."

"का हो ताई?"

"लोक हसतील. नाव हिमगौरी आणि ही अशी."

मी म्हटलं, "चार गाणी आहेत. ती नसेल तर म्हणणार कोण?" त्या थोडा वेळ पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बघा बाई तुम्ही." पालकांनो, मला या आईचा राग आला नाही. ती लेकीला हसण्यापासून वाचवायला आली होती. स्वतः ते हसणं ऐकल्याशिवाय कोणी असं येत नाही.

संमेलनाच्या दिवशी एक काम आठवणीने करा. मेकअपवाल्यांकडे बहुधा एकाच छटेची डबी असते आणि ते सगळ्या पोरांना सरसकट भुरकं करून टाकतात. मी आधीच सांगून ठेवलं होतं: हिमगौरीला फक्त काजळ आणि लाल रिबीन. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना मॅडम?"

ती गायली. छान गायली. दुसऱ्या गाण्याला मागच्या रांगेतल्या बायका टाळ्या धरायला लागल्या. कोणी हसलं नाही. खाली उतरल्यावर मात्र एका आजींनी तिचा गाल कुरवाळला आणि म्हणाल्या, "सावळी असली तरी गोड गाते हो!" कौतुकच होतं ते. मुलगीही हसली. माझ्या कानात तो 'तरी' रुतून बसला.

सोमवारी फळ्यावर आजींचं नाव न घेता तसलीच वाक्यं लिहिली आणि 'तरी' काढून 'आणि' घालायला सांगितलं. 'सावळी आहे आणि गोड गाते.' 'गरीब आहे आणि हुशार आहे.' मुलांनी वाचून पाहिलं, वाक्य कुठे अडलं नाही. आमच्या वर्गातला सगळ्यांत बुटका मुलगा, ज्याला 'सात बुटके' हे नाव ऐकल्यापासून सगळे चिडवत होते, त्याने वहीत स्वतःचं वाक्य लिहून आणलं: "मी बुटका आहे आणि कबड्डीत कोणाला सापडत नाही."