बडोद्यातली सुरावट

बडोदं म्हटलं की मला आधी गाणं आठवतं. मौलाबक्षांनी 1886 साली तिथे संगीतशाळा काढली, पुढे फैयाझखाँसाहेब दरबारगायक झाले. दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या भाच्याला मात्र सूर लावायचा होता तो गाडीचा!

गाडी म्हणजे जुनी पोलो जीटी टीएसआय, आपल्या चाकणची. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस. "मामा, आतल्या कंप्यूटरची फाइल बदलली की गाडी उडते. एक जण अगदी स्वस्तात करून देतोय."

मी कलाशाखेचा पदवीधर, त्यात सरकारी कारकून. फाइल म्हणजे मला लाल फीतच दिसते. पण त्याने समजावलं. त्या कंप्यूटरात तक्ते असतात: किती फेऱ्यांना किती पेट्रोल, ठिणगी किती अंश आधी, टर्बोचा दाब किती. कंपनी त्यात थोडी सैल जागा ठेवते, ट्यूनर ती वापरतो.

मग स्वस्त-महाग फरक कसला? आमच्या देवळातली पेटी लावायला येणारा माणूस आधी तासभर नुसता ऐकत बसायचा. स्वस्तवाला ऐकत नाही, भलत्याच गाडीची फाइल आणून ओततो. ती युरोपातली असली तर तिथलं साधं पेट्रोलसुद्धा 95 ऑक्टेनचं. आपल्याकडे वर्षानुवर्षं 91 चं. मग इंजिन ठोके देऊ लागतं. कंप्यूटर ठिणगी मागे घेऊन सांभाळू पाहतो. तेही जमलं नाही तर पिस्टन जातो आणि वाचवलेले पैसे कुठल्या कुठे. शिवाय तिच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचची मर्यादा 250 न्यूटन मीटर. मूळ इंजिन देतं 175. म्हणजे वर जागा आहे, पण बेताची.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि विमा, या दोन गोष्टी मी बोललोच. (कारकुनाला गप्प बसवत नाही.) मग म्हटलं, आधी गाडी चालवून नोंदी तरी घे. घेतल्या. एका सिलिंडरची ठिणगी सारखी मागे जात होती. प्लग झिजलेले निघाले. ते बदलल्यावर हालोलच्या रस्त्यावरून त्याचा फोन आला, आवाज एकदम खुशीत.

फाइलचा नाद सुटलेला नाही. फक्त त्या स्वस्तवाल्याला त्याने विचारलं, की मूळ फाइल जपून ठेवून हवी तेव्हा परत टाकून द्याल ना? त्यानंतर तो फोनच उचलत नाही.