पांगुळगाडा

वाहनांचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं एका वाहनावर मोठा अन्याय केला आहे. रथ, पालखी, आगगाडी यांचीं वर्णनें पुष्कळ. पण पांगुळगाड्याला कोणीं पानाचा कोपरा दिलेला आमच्या वाचनांत नाहीं. त्याला वाहन म्हणावें कीं नाहीं, हीच कदाचित् शंका असेल. इतर वाहनांत बसलें कीं पायांना विश्रांति मिळते; ह्यांत बसतांच येत नाहीं. उभें राहून दांडी धरावी, आपण पाऊल टाकावें, तेव्हां तो पुढें सरकणार! शिवाय धनी चालूं लागला कीं त्याची नोकरी संपली.

गेल्या दिवाळींत माळा झाडतांना आमचा स्वतःचा पांगुळगाडा हातीं लागला. थोरल्या बहिणीसाठीं वडिलांनीं तो सावंतवाडीहून आणलेला. (तेव्हां सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यांत मोडे, सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ सालीं.) बहिणीमागून तो आमच्याकडे आला, तेव्हां वडिलांनीं स्वहस्तें त्याला तांबडा तेलरंग दिला होता. आतां पुढचें चाक नाहीसें झालें होतें आणि रंगाचे पोपडे सुटत होते. दांडीच्या मधोमध दांतांच्या खुणांची एक रांग होती. आईला चौऱ्यायशीव्या वर्षीं डोळ्यांनीं अंधुकच दिसतें. तिनें त्या खुणांवरून बोटें फिरविलीं आणि "हे तुझे दांत" अशी साक्ष दिली.

आमची नात अकरा महिन्यांची. धरून उभी राहते. गाडा दुरुस्त करून तिला द्यावा, असें ठरलें. नवें चाक बसविलें आणि रंगाचा एक हात फिरविला कीं झालें, अशी आमची समजूत. पण सूनबाई म्हणाल्या, "बाबा, जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. हिला दांत येताहेत. ती दांडी चावणारच."

पुरावा तर दांडीवरच होता! घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांहून अधिक नसावें, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. आमचा गाडा त्याहून अर्धशतकानें वडील. आणि शिसें बाधतें तें मुख्यतः वाढत्या मेंदूला.

दोन दिवस मन द्विधा झालें. रंग राखावा, तर गाडा कपाटांत जाणार. गाडा नातीला द्यावा, तर रंग जाणार. त्या रंगांत वडिलांच्या ब्रशाचा एक केस अडकून वाळलेला होता. वडिलांना जाऊन वीस वर्षें झालीं. तो केस पाहिला कीं आम्ही कपाटाच्या बाजूचे होत असूं. पण कांचेआड उभा असलेला पांगुळगाडा डोळ्यांपुढें आला, कीं तेंहि पटेना. अखेर रंग काढण्याचें ठरलें.

कोरडा रंग घासला तर शिशाची धूळ उडते. म्हणून नातीला आजोळीं धाडून, धुळीचा मास्क बांधून आम्हीं ओल्या पॉलिशकागदानें तो घासला आणि निघालेला चिखल कागदांत गुंडाळून वेगळा ठेवला. तांबड्याखालीं बहिणीच्या वेळची पिवळी लाख निघाली, तिच्याखालीं लांकूड. केस गेला. दांतांच्या खुणा मात्र लांकडांतच उतरल्या होत्या, त्या राहिल्या.

चाकासाठीं आम्ही मुद्दाम सावंतवाडी गांठली. कातारी कारागिरानें फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडावर चढली आणि चाक पाहतां पाहतां पिवळें झालें. घरीं आल्यावर आम्हीं तें बसविलें आणि चाकें सुळकन् फिरावींत म्हणून तिन्ही आंसांना मेण चोळलें.

नातीनें दांडी धरली. एक पाऊल, दोन, चार! घरांत टाळ्या पडल्या. खिडकीपाशीं बसलेली आई मात्र कान देऊन होती.

"अरे, चालली का ती? मग गाडा कां बोलत नाहीं?"

"आई, मेण लावलंय. आतां कुरकुरत नाहीं."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी चुलीपाशीं असायची नि तूं ओसरीवर. गाडा कुरकुरतोय तोंवर मला घोर नसे. तो थांबला कीं हातांतलं टाकून धांवत यायची मी."

रंगासाठीं आम्हीं दोन दिवस घालविले होते. ह्या आवाजाचा विचार एकदांहि मनांत आला नव्हता. आईला रंग दिसत नव्हता, आणि जें तिला कळलें असतें तेंच आम्हीं मेण चोळून बुजविलें होतें.

त्या रात्रीं सर्व निजल्यावर आम्हीं चाकें उतरवून मेण पुसून काढलें.

सकाळीं बाहेरच्या खोलींतून कुर्र कुर्र असा आवाज येऊं लागला. दाराशीं येऊन तो थांबला. आईनें जपमाळ खालीं ठेवली, दोन्ही हात पुढें केले आणि म्हणाली, "ये, इकडे ये."

गाडा पुन्हां बोलूं लागला.