उतरणी

नागवेल वर चढते हे सगळ्यांना दिसतं. ती वर्षाकाठी खाली उतरवावी लागते, हे पान खाणाऱ्याला ठाऊक असायचं काही कारण नाही. अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आम्हा पानमळेवाल्यांचं वर्ष मात्र या एका कामाभोवती फिरतं. शेवरी, पांगारा, हेटा अशा आधाराच्या झाडांना धरून वेल डोक्यावर गेली की शेंड्याकडची पानं लहान पडू लागतात. खालचं खोड तोवर उघडंबोडकं झालेलं असतं, कारण त्याची पानं आपणच खुडून विकलेली असतात. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी वेल आधारावरून सोडवायची, उघड्या खोडाचं वेटोळं वाफ्यात बसवायचं, वर शेणखत आणि माती लोटायची आणि हिरवा शेंडा तेवढा पुन्हा झाडाला बांधायचा. याला उतरणी म्हणतात.

पेराचा स्वभाव पाहण्यासारखा आहे. वर असताना त्यातून निघालेलं बारीक मूळ झाडाची साल धरून ठेवतं, एवढंच त्याचं काम. तेच पेर मातीखाली गेलं की त्याला खाणारी-पिणारी मुळं फुटतात. जुना मळा मोडताना वाफा खणला, तर लावणीच्या वेळचं बेणं बहुतेक कुजून गेलेलं असतं. वेल जगत असते ती गेल्या काही उतरणींच्या मुळांवर. वडील म्हणायचे, "वेलीले पह्यलं मूळ याद नसते." ते हे कौतुकानं म्हणायचे की तक्रारीनं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळलं नाही.

काम दिसतं तितकं सोपं नाही. पाण्यानं तट्ट भरलेली वेल वाकवली की कडकन मोडते, म्हणून आधी पाण्याची पाळी लांबवावी लागते. सकाळच्या गारव्यात हात लावू नये. ऊन चढलं की वेल जरा मऊ पडते, ऐकते. वेटोळं सैल हवं. जिथं खोड चिरडलं, तिथून मर शिरते आणि मर वाफ्याला लागली की शेजारच्या वाफ्याला पाण्याबरोबर पोचते. त्यावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मुळाशी ओततात. उपाय जुनाच आहे, आणि मर आत शिरल्यावर त्याचा फारसा उपयोग नसतो.

खरी अडचण वेगळीच. उतरणीनंतर जवळपास दोन महिने खुडायला पान नसतं. हातात पैसा येत नाही. म्हणून प्रत्येक मळेवाल्याला वाटतं, अजून एक खुडा होऊ दे, मग पाहू. वेल वर लोंबायला लागते, वाऱ्यानं फाटते, तरी माणूस थांबतो. बदल टाळणारे लोक आळशी असतात असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. बहुतेकांना ते दोन महिने परवडत नाहीत.

मळ्यात शिरताना चप्पल बाहेर ठेवतात. नागवेल नागलोकातून आली असं आम्ही बारी मंडळी मानतो, नागपंचमीचा मान आमच्याकडे मोठा. श्रद्धा आहेच, पण अनवाणी तळव्याला वाफ्याची ओल कळते, हाही त्यातला व्यवहार आहे. घरची कटकट, बाजाराचा भाव, काय असेल ते घेऊन माणूस येतो आणि पहिल्या वाफ्यातच त्याला खाली पाहावं लागतं.

भोवतालचं तर सगळंच हललं. गुटख्याच्या पुड्या आल्या आणि पानाचं गिऱ्हाईक त्यांनी नेलं. २०१२मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, गिऱ्हाईक काही परत आलं नाही. दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, तिथं नागवेलीचा विषयच नाही. आमच्या बाजूला पाणी गोडं, पण विहिरी खोल गेल्या. कित्येकांनी मळे काढून संत्रा लावला, केळी लावली. पानाच्या टोपल्या नेणारी खंडव्याकडची मीटरगेज २०१७च्या जानेवारीत थांबली आणि अकोला-अकोट ब्रॉडगेजवर गाडी धावायला २०२२चा नोव्हेंबर उजाडला. तोवर आमच्या टोपल्या पिकअपला सवकल्या होत्या.

आमच्या घरानं निम्मा मळा पानपिंपरीला दिला. तीही मिरीच्याच कुळातली, पेराला मुळं फोडणारी. विकायचं मात्र पान नव्हे, वाळवलेलं फळ, म्हणजेच पिंपळी. सुंठ, मिरं, पिंपळी मिळून त्रिकटू होतं, म्हणून वैद्यांचं गिऱ्हाईक आहे. या पिंपळीनं आमच्यापेक्षा फार मोठी उलथापालथ पाहिली आहे. पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीनं भाव लिहून ठेवले आहेत: काळं मिरं रोमन पौंडाला चार दिनार, लांब पिंपळी पंधरा. पुढे काळं मिरं स्वस्त झालं, अमेरिकेतून मिरची आली आणि युरोपच्या स्वयंपाकघरातून पिंपळी जवळजवळ नाहीशी झाली. अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जीच्या वाफ्यांत ती आहे.

पोरगा पुण्यात असतो, खोल्या बदलत राहतो. त्याला शहाणे लोक सांगतात, मुळं घट्ट धरून ठेव. मला हा सल्ला पटत नाही. गावाकडच्या मुळातून पुण्यात पाणी किती दिवस पोचणार? खोली बदलली की त्याची माय फोनवर विचारते, पाणी किती वेळ येते, शेजारी कोण हाये. मी विचारतो, सकाळचा चहा कुठं घेतो. पहिल्या आठवड्यात उत्तर येतं, कुठंही. महिन्याभरानं तो टपरीवाल्याच्या पोरीची दहावी सांगायला लागतो. मग मी तो प्रश्न पुन्हा काढत नाही.

यंदा उतरणीला बांधणारी माणसं मिळेनात. जुन्या बाया थकल्या, केळीच्या बागेतल्या बायांना सवय पक्की गाठ मारायची. लव्हाळ्याच्या ओल्या पात्याची गाठ आवळली की शेंडा तिथंच चिमतो.

"काकू, गाठ नोका मारू. निरा पीळ द्या."

"अन् सुटली त?"

"सुटू द्या. नवा शेंडा फुटला का ते सोताच झाड धरते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मंग मजुरी कायची देता, बांधाची का सोडाची?" असं विचारून त्यांनी पुढची वेल उचलली.