नगरहून थेट युद्धावर गेलेला एकवीस वर्षांचा पोरगा

आज १६ डिसेंबर. सकाळपासून ग्रुपवर विजय दिवसाचे फोटो फिरतायत. ढाक्यातल्या शरणागतीचा तो प्रसिद्ध फोटो मीही चार जणांना पाठवला. पण मंडळी, दरवर्षी या तारखेला मला आधी एक पोरगा आठवतो. पोस्ट थोडी मोठी आहे, सांभाळून घ्या.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०. शिकला खडकवासल्याच्या एनडीएत. जून १९७१ मध्ये पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये दाखल झाला. डिसेंबरात युद्ध पेटलं तेव्हा तो कुठे होता माहितीये? आपल्या नगरला! नवख्या अधिकाऱ्यांचा कोर्स करायला आला होता. कोर्स अर्धवट टाकून सगळ्यांना बोलावणं आलं. निघताना त्याने गोल्फच्या काठ्यासुद्धा बरोबर घेतल्या, लाहोरला खेळीन म्हणाला, असं सांगतात. वयच तसं होतं हो.

माझा मुलगा यंदा एकवीसचा झाला. गाडीत पेट्रोल टाकायचं लक्षात राहत नाही त्याच्या. म्हणून मला ते वय जास्त लागतं.

शकरगडच्या भागात बसंतर नदीपलीकडे आपलं पायदळ पोचलं होतं. सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून वाट काढत पूना हॉर्सचे रणगाडे मदतीला गेले. १६ तारखेला जरपालजवळ पाकिस्तानी रणगाड्यांनी जोरदार हल्ला चढवला. अरुणच्या सेंच्युरियनचं नाव फामागुस्टा. त्याला गोळा लागून आग लागली. वरिष्ठांनी रेडिओवर सांगितलं, रणगाडा सोड. हा म्हणाला, नाही, माझी तोफ अजून चालतेय. त्या लढाईत शत्रूचे चार रणगाडे त्याच्या नावावर आहेत. मग आणखी एक गोळा बसला आणि संपलं. कमिशन मिळून जेमतेम सहा महिने झाले होते.

त्याच दिवशी ढाक्यात सह्या होत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेकडचीही लढाई थांबली. म्हणजे फक्त एक दिवस! त्याच्या घरी युद्ध थांबल्याची बातमी आधी पोचली, मुलाची नंतर. परमवीर चक्र मिळालं, एनडीएच्या परेड ग्राउंडला त्याचं नाव आहे, सगळं खरं. त्या माऊलीला त्याचं काय!

खरी गोष्ट पुढेच आहे. वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल मूळचे सरगोध्याचे. २००१ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांच्या घरी उतरले. मोठ्या मायेने त्यांचं सगळं केलं त्या माणसाने. आणि परतीच्या आदल्या रात्री कबूल केलं, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

म्हातारा बाप काय बोलणार? दोघेही फौजी. दोघांनाही माहीत होतं की त्या दिवशी समोरासमोर आल्यावर दुसरं काही होणार नव्हतं. ते तिथून रागावून निघाले नाहीत. मला हे जमलं नसतं, स्पष्टच सांगतो.

आपल्या ग्रुपवर मात्र जरा कुठे काही झालं की ‘एकदाच काय ते युद्ध होऊन जाऊ द्या’ म्हणणारे लगेच जागे होतात. मीही टाकलाय असा मेसेज एकदा, खोटं कशाला बोलू. पहाटे भरतीसाठी रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात ना, त्यात त्या ग्रुपमधल्या एकाचंही पोरगं नाही. माझंही नाही.

फामागुस्टा आज नगरमध्येच आहे, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय. आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं? माझ्या मुलाला नव्हतं. येत्या रविवारी त्याला घेऊन आपल्या रणगाडा म्युझियमला जातोय, सेंच्युरियन म्हणजे केवढा असतो आणि आत माणूस कसा मावतो ते दाखवायला. कुणाला पोरांना घेऊन यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, बरोबरच जाऊ.