लेफ्टनंटची काळी ट्रंक

फौजेतल्या अधिकाऱ्याचा संसार एका काळ्या पत्र्याच्या ट्रंकेपासून सुरू होतो. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव रंगवलेलं असतं. बदली झाली की ती ट्रकमधून, रेल्वेतून पुढच्या मुक्कामी जाते. दर दोन-तीन वर्षांनी ठिकाण बदलतं, कधी पठाणकोट, कधी तेजपूर. म्हणून नव्या अधिकाऱ्याला भेट द्यायची असेल, तर ती त्या ट्रंकेत मावेल का आणि मालकासोबत देशभर फिरून टिकेल का, हे आधी पाहावं. आमच्या घरात हा विचार थोडा उशिरा सुरू झाला, पण झाला ते बरं झालं.

माझा भाचा साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा. १९६१ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं सैनिक स्कूल. तिथून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतली तीन वर्षं, मग डेहराडूनच्या लष्करी अकादमीतलं एक. जून आणि डिसेंबरमध्ये तिथे पासिंग आउट परेड होते. संथ पावलांनी चालत मुलं चेटवूड इमारतीच्या पायऱ्या चढतात, ‘अंतिम पग’ टाकतात आणि मग आईवडील त्यांच्या खांद्यांवर तारे लावतात. लेफ्टनंटचे दोन तारे. ताईचे हात थरथरत होते. दाजींनी मात्र शांतपणे दुसरा खांदा सांभाळला. मुलाला पलटण मिळाली होती शीख रेजिमेंटची.

साताऱ्याला परतल्यावर घरात सत्यनारायण झाला आणि पाहुण्यांबरोबर भेटवस्तूंची रीघ लागली. शिवाजी महाराजांचा पितळी अश्वारूढ पुतळा, काचेच्या चौकटीतली तलवार, चांदीचं तबक. देणाऱ्यांचं प्रेम खरं होतं. पण या वस्तू दिवाणखान्यासाठी असतात आणि नव्या लेफ्टनंटला दिवाणखाना नसतो. त्या ताईच्या कपाटात राहिल्या, आणि त्यांची जागा तिथेच आहे.

पैशांचं पाकीटही पुष्कळांनी दिलं. खरं तर सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं, वर १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन. मुलगा पैशांसाठी अडणार नव्हता. तरी दाजींच्या थोरल्या भावाने दिलेल्या पाकिटाचा उपयोग चांगला झाला. त्यांच्या मनात ब्लेझर शिवून द्यायचा होता, पण ब्लेझरची बटणं, टाय, सगळं रेजिमेंटच्या रिवाजाने ठरतं. त्यांनी आधी विचारलं, म्हणून कापड वाया गेलं नाही. पलटणीत पोचल्यावर मुलाने तिथल्या शिंप्याकडून शिवून घेतलं आणि काकांना फोटो पाठवला.

चुलतभावंडांचा बेत वेगळा होता. वर्गणी काढून भारी स्मार्टवॉच घ्यायचं, धावलेलं अंतर आणि हृदयाचे ठोके मोजणारं. मुलानेच हात जोडून नको म्हटलं. कारण समजून घेण्यासारखं आहे. स्ट्राव्हा नावाचं ॲप धावणाऱ्यांच्या वाटा नोंदवतं. त्या कंपनीने जगभरातल्या वाटांचा मिळून एक नकाशा प्रसिद्ध केला होता. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की सीरिया-अफगाणिस्तानसारख्या देशांत ओसाड जागी चमकणाऱ्या रेषा परदेशी लष्करी तळांवरच्या आहेत. सैनिक सकाळी धावत होते आणि घड्याळ त्यांचा पत्ता जगाला सांगत होतं. जुलै २०२० मध्ये आपल्या लष्करानेही जवान-अधिकाऱ्यांना ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली, त्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. अधिकाऱ्याच्या मनगटावर काय बांधायचं, हा आता फक्त आवडीनिवडीचा प्रश्न उरलेला नाही.

मग आजोबांचं चावीचं घड्याळ निघालं. एचएमटीचं ‘जवान’. बंगळूरच्या या कारखान्यात १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळं बनू लागली. २०१६ मध्ये ती कंपनी बंद करायचा निर्णय झाला, पण घड्याळं चालतच आहेत. भावंडांनी वर्गणीच्या पैशांतून त्याचं ऑइलिंग करवून घेतलं, काच बदलली, कापडी पट्टा घातला. त्याला चार्जर लागत नाही आणि ते कुणाला पत्ताही कळवत नाही. आजोबांनी ते स्वतः नातवाच्या मनगटावर बांधलं.

सगळ्यांत शहाणा सल्ला दिला शेजारच्या सुभेदारकाकांनी. ते मूळचे अपशिंग्याचे. पहिल्या महायुद्धात ज्या गावाची ४६ माणसं कामी आली आणि जे आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं, ते गाव. मराठा लाइट इन्फंट्रीत त्यांची उमर गेली. भाच्याला त्यांनी चड्डीत पळताना पाहिलेलं, पण तो वर्दीत दारात आला तेव्हा ते ताठ उभे राहिले आणि कडक सॅल्यूट केला. मुलगा वाकून पाया पडायला लागला, तर म्हणाले, “वर्दीत नाही, साहेब. संध्याकाळी साध्या कपड्यांत या, मग हक्कानं पाया पडा.”

संध्याकाळी त्यांनी आपले जुने अधिकारी आठवले. केरळचे होते, पंजाबचे होते, पण सहा महिन्यांत जवानांशी मराठीत बोलू लागायचे. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाच्या बांधाचा तंटा चालू आहे, हे जवान आपल्या बोलीतच सांगतो. “साहेब, तुमची माणसं पंजाबी बोलणार. ती बोली आधी पकडा. बाकी सगळं सरकार देतंय.”

सरकार खरोखरच बरंच देतं. गणवेश, बूट, बर्फातले कपडे, झोपायची पिशवी, सगळं. पण तीस-चाळीस जवानांचं मन कळायला लागणारं सामान भांडारात मिळत नाही. मला त्याच क्षणी माझी भेट सापडली. नांदेडला आमचे नातेवाईक आहेत. तख्त सचखंड हुजूर साहिबच्या परिसरातल्या दुकानातून त्यांनी गुरुमुखीची मुलांची अंकलिपी पाठवली. पस्तीस मूळ अक्षरं, म्हणून तिला ‘पैंती’ म्हणतात. सोबत मी देवनागरीत छापलेली संत नामदेवांची पदं ठेवली. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि पंजाबातल्या घुमानला त्यांच्या नावाने इतकी श्रद्धा आहे की २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं. पलटणीच्या गुरुद्वाऱ्यात अधिकारी जवानांबरोबर बसतो, त्यांचा धर्म तो आपला मानतो. साताऱ्याच्या मुलाला तिथे परकं वाटायचं काही कारण नाही, हे मला त्याच्या हातात ठेवायचं होतं.

दाजींनी दिलं पुस्तक: लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचं ‘माझी शिपाईगिरी’. निवड अचूक होती. थोरात कोल्हापूरकडचे, सँडहर्स्टला शिकलेले, आणि त्यांची नोकरी सुरू झाली पंजाब रेजिमेंटमध्ये. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत त्यांनी पंजाबी पलटणीचं नेतृत्व केलं आणि डीएसओ हा सन्मान मिळवला. मराठी अधिकारी आणि पंजाबी जवान ही जोडी आजची नाही.

ताई मात्र म्हणत होती, सगळं कामाचंच कशाला? तिचं म्हणणं मला पटतं. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, जून १९७१ मध्ये पूना हॉर्समध्ये कमिशन. डिसेंबरात युद्धाची चाहूल लागली तेव्हा ते अहमदनगरला कोर्स करत होते. तिथून आघाडीवर निघताना त्यांनी गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेश सोबत घेतला. जिंकल्यावर लाहोरला गोल्फ खेळू, मेजवानीला हा गणवेश लागेल, असा त्यांचा हिशेब. १६ डिसेंबरला बसंतरच्या रणगाडायुद्धात ते धारातीर्थी पडले, परमवीरचक्राचे मानकरी झाले. वय एकवीस. एकविसाव्या वर्षी माणूस अधिकारी असतो आणि पोरही असतं. त्या पोरासाठीही ट्रंकेत जागा ठेवायला हवी. धाकट्या बहिणीने माउथ ऑर्गन दिला, शाळेत असताना तो वाजवायचा तसला.

खाऊ ताईने केला तो एकट्याला पुरेल एवढा नाही. कंदी पेढे, डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची कोरडी चटणी, सगळं पलटणीच्या हिशेबाने. नवा अधिकारी सुरुवातीचे आठवडे पुष्कळदा जवानांबरोबर बराकीत काढतो, त्यांच्याच लंगरात जेवतो. तिथे डबा लपवून खाणं शोभत नाही. चटणी पहिल्याच जेवणात संपली, असा निरोप आला. एका हवालदाराने ती पराठ्यात भरून पाहिली म्हणे, आणि कृतीही मागितली. ताईने ती फोनवर सांगितली, भाच्याने मोडक्यातोडक्या पंजाबीत त्याला समजावली.

आता तो पैंतीच्या पुढे गेला आहे. जवानांच्या घरून आलेले कागद स्वतः वाचायचा प्रयत्न करतो, अडलं की त्यांनाच विचारतो. मागच्या फोनवर त्याने एक यादी दिली: गुरुमुखीचं पुढचं पुस्तक, चटणीचे दोन मोठे डबे, आणि थोरातांच्या आत्मचरित्राची इंग्रजी प्रत, कारण त्याच्या कंपनी कमांडरसाहेबांना ते वाचायचं आहे आणि त्यांना मराठी येत नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दोन दुकानांत मी विचारून ठेवलं आहे.